मुलींनी मोजलेलं तापमान 'चुकीचं' कसं ठरलं? विज्ञान प्रदर्शनाच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
तालुका व जिल्हा विज्ञान प्रदर्शनांचे आयोजक आणि परीक्षक,
तसेच शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी पश्चिम विदर्भातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतून दोन प्रकल्प तालुका प्रदर्शनाला गेले. एक आठवीच्या मुलींचा, आमच्या शहराच्या तापमानाचा. दुसरा नववीच्या मुलांचा, बीटी कपाशी आणि गुलाबी बोंडअळीचा. पहिल्याला शेरा मिळाला: "निष्कर्ष चुकीचा. चालतं मॉडेल नाही." दुसरा प्रकल्प 'वादग्रस्त विषय' म्हणून उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी टेबलावरून उचलायला लावला. आता यंदाची तयारी सुरू झाली आहे आणि मुख्याध्यापकांच्या सभेतून निरोप आला आहे की बियाण्यांचे विषय टाळा, आकर्षक मॉडेल आणा. निरोप तोंडी आहे. लेखी मागितला तर कोणी देईना. म्हणून मी माझं म्हणणं लेखी मांडते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

तालुक्याचं आणि परीक्षकांचं नाव मी लिहिणार नाही. त्या दिवशी ज्यांनी शेरा लिहिला ते उद्या बदलून जातील, पण शेरा लिहिण्याची पद्धत तीच राहील. माझं भांडण पद्धतीशी आहे.

आधी तापमानाचं सांगते.

शहरातल्या कोणत्या भागात जास्त गरम होतं, हा प्रश्न मुलींचाच. त्यांतल्या दोघी टिनाच्या घरात राहतात, त्यामुळे प्रश्न कुठून आला ते सांगायला नको. थर्मामीटर नुसता उन्हात धरला की तो हवेचं नाही, स्वतःच्या तापण्याचं माप देतो, हे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं. मग फळवाल्याकडून लाकडी खोकी आणली. फळ्यांमधून वारा खेळेल अशा फटी ठेवल्या, आतून-बाहेरून चुना मारला, आणि वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीसारखी ती जमिनीपासून चार फुटांवर बांधली. सगळे थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून पाहिले. एक शून्याऐवजी एक दाखवत होता, त्याच्यावर लाल दोरा बांधला आणि त्याच्या प्रत्येक नोंदीतून एक वजा केला. ही अक्कल मी शिकवलेली नाही. ज्या मुलीनं दोरा बांधला तिला गणितात जेमतेम पास होण्यापुरते गुण पडतात.

जागा निवडल्या त्या अशा: बाजारचौक, शाळेचं आवार, जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली, टिनाची वस्ती, नदीचा काठ आणि शहराबाहेरचं सोयाबीन निघालेलं वावर. वेळा दोन, दुपारी अडीच आणि रात्री नऊ. रात्रीच्या नोंदींना कोणाचे बाबा, कोणाचा मामा सोबत. दिवाळीची सुट्टी त्यात गेली.

निकाल असा आला. रात्री बाजारचौक त्या वावरापेक्षा गरम, आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असेल तर अडीच-तीन अंशांनी. ढग आले की फरक जवळजवळ मिटायचा. आणि दुपारी उलटं. जुन्या वस्तीतली गल्ली उघड्या वावरापेक्षा थंड. मुलींनी ते जसं दिसलं तसं लिहिलं: "आमचं शहर रात्री गरम असतं. दुपारी मात्र काही भाग बाहेरच्या मोकळ्या जमिनीपेक्षा थंड असतात."

परीक्षकांनी हे वाक्य वाचलं आणि म्हणाले, "शहर थंड कसं असेल? झाडं तर खेड्यात. पुन्हा मोजा." मुलींनी वही पुढे केली. वही त्यांनी उघडली नाही.

महोदय, वही उघडली असती तर पुढचं सगळं तिथंच मिळालं असतं. पीक निघालेल्या काळ्या जमिनीत वरच्या थरात ओल राहत नाही. ऊन पडलं की ती झपाट्यानं तापते आणि वरची हवाही तापवते. अरुंद गल्लीत भिंतींची सावली असते, शिवाय दगड-विटा-सिमेंट सावकाश तापतात. सूर्य गेल्यावर वावर आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडून लवकर निवतं. गल्लीतल्या भिंती मात्र दिवसभर साठवलेलं एकमेकींवरच फेकत बसतात, वर आकाशाची पट्टी तेवढी उरते. म्हणून शहराच्या उष्णतेचा खरा फरक भर दुपारी नाही, शांत निरभ्र रात्री दिसतो. कोरड्या प्रदेशातल्या शहरांत दिवसा उलटा फरक दिसतो, हेही शास्त्रज्ञांना चांगलं ठाऊक आहे.

ही काही कालची गोष्ट नाही. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचे एक गृहस्थ होते, औषधी रसायनं बनवायचा त्यांचा व्यवसाय. ढगांना क्युम्युलस, स्ट्रॅटस, सिरस ही नावं त्यांनीच दिली. शहराच्या आतलं आणि बाहेरचं तापमान ते वर्षानुवर्षं टिपत राहिले, आणि 1818 पासून त्यांनी ते छापायला सुरुवात केली. त्यांचा हिशोब असा निघाला, की लंडन बाहेरच्या भागापेक्षा रात्री सरासरी 3.7 अंश फॅरनहाइटनं गरम आणि दिवसा 0.34 अंशानं थंड. तिथली कारणं वेगळी, आमची वेगळी. पण दोनशे वर्षांपूर्वी ज्या प्रकारची नोंद विज्ञानात जमा झाली, त्याच प्रकारच्या नोंदीला आमच्या तालुक्यात 'चुकीचा निष्कर्ष' म्हणून गुण कापले गेले. आपल्याकडेही 1970च्या दशकात पुण्यात आणि मुंबईत हवामान खात्याच्या लोकांनी शहराच्या तापमानाचे नकाशे काढले होते. आज रात्रीच्या उकाड्यासाठी हवामान खातं 'उष्ण रात्र' असा वेगळा इशारा देतं. 2010च्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेनं 2013मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. टिनाखाली झोपणाऱ्या माणसाला रात्री उसंत मिळते की नाही, हा आता नगरपालिकेनं विचारायचा प्रश्न आहे. आमच्या मुलींनी तो विचारला, तर त्यांना मॉडेल कुठे आहे असं विचारलं गेलं.

आता त्या मॉडेलबद्दल. पहिला क्रमांक थर्माकोलच्या 'स्मार्ट सिटी'ला मिळाला. हिरव्या भुशाची झाडं, एलईडीचे रस्ते, बटण दाबलं की पवनचक्की फिरते. शेजारीच रंगीत मण्यांचा डीएनए, मोटरवर गरगर फिरणारा. दोन्ही मॉडेलं शहरातल्या एकाच दुकानातली, हे तिथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत होतं. 'प्रोजेक्ट तयार मिळतील' अशी पाटी आता झेरॉक्सच्या दुकानांवरही दिसते. मॉडेलसोबत बोलायचा मजकूर छापून मिळतो. मणीवाल्या डीएनएजवळ उभ्या मुलाला मी सहज विचारलं, की हे मणी चारच रंगांचे का? त्यानं पाठ केलेलं पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं. त्या लेकराला दोष देत नाही मी. घरच्यांनी दीड-दोन हजार मोजले, त्याचं चीज झालं, एवढंच त्याला कळलं.

गंमत म्हणजे नियम आमच्या बाजूचे आहेत. राष्ट्रीय पातळीवरून प्रदर्शनाच्या मूल्यमापनाचे जे निकष येतात त्यांत मुलांची स्वतःची कल्पकता आणि वैज्ञानिक विचार यांना मान आहे. 1993पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा तर पायाच हा, की मुलांनी गटानं आपल्या परिसरातला प्रश्न घ्यावा आणि स्वतः माहिती गोळा करावी. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात, ते त्याच्या स्वतःच्या कल्पनेसाठी. म्हणजे दिल्लीहून निघताना गोष्ट ठीक असते. तालुक्याच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत तिला दिवे लागतात आणि ती फिरायला लागते.

दुसऱ्या प्रकल्पाचं दुःख मोठं आहे, कारण तिथे गुण कापले नाहीत, तोंड बंद केलं.

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकात जैवतंत्रज्ञान आहे, बीटी कापूस आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. आमच्या मुलांच्या घरी मात्र बीटी हा धडा नाही, ती अंगणाला लागून असलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे. जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करायला लागलं, आणि मार्च 2002मध्ये अशा वाणांना देशात मंजुरी मिळाली. 2006मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. मग गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली, आणि 2017चा हंगाम विदर्भात कोणी विसरलेलं नाही. नववीतल्या मुलांचा प्रश्न साधा होता: जे औषध झाडातच आहे, ते अळीला चालेनासं कसं झालं?

त्यांनी दोन कामं केली. आपापल्या वावरात कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून पकडणारे) लावले आणि रोज सकाळी शाळेत यायच्या आधी पतंग मोजले. सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, असं कृषी विद्यापीठं सांगतात. मुलांनी त्या आकड्यावर लाल रेघ मारून आलेख काढला. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं, शोधल्या. हिरवी बोंडं ब्लेडनं उभी चिरून पाहिली. एक मुलगा मला दाखवायला बोंड घेऊन आला होता. वरून निरोगी, एक छिद्र नाही. आत दोन पाकळ्यांतली रुई पिवळी पडून चिकटलेली, सरकी पोखरलेली, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान गुलाबी अळी. तो म्हणाला, "मॅडम, बाहेरून समजतच नाही. म्हणूनच फवारा उशिरा होतो, असं बाबा म्हणतात." अळीच्या सवयीचं आणि फवारणीच्या वेळेचं नातं यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

दुसरं काम पट्टीचं. बीटी ओळखण्यासाठी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं तपासणी किट तयार केलं होतं. तशाच थोड्या पट्ट्या एका कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांनी आम्हाला दिल्या. छोट्या नळीत पानाचा तुकडा चिरडायचा, द्रावण घालायचं, पट्टी उभी करायची आणि वाट पाहायची. दोन रेघा आल्या तर बीटी प्रथिन आहे, एकच आली तर नाही. मुलांनी मुद्दाम बिगर-बीटीच्या ओळींतली पानं घेतली. बीटीच्या 450 ग्रॅमच्या थैलीसोबत पूर्वी 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ते कडेनं लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढतात, प्रतिकार आलेल्या अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. त्या पुडीचं पुढे काय व्हायचं ते वऱ्हाडात कोणाला विचारायची गरज नाही. बहुतेक ती धुऱ्यावर फेकली जायची. तर बिगर-बीटी म्हणून लावलेल्या काही झाडांवरही दोन रेघा उमटल्या. मुलांनी कोणावर आरोप केला नाही. तीन शक्यता लिहिल्या: बियाणं मिसळलं असेल, परागीभवनानं जनुक आलं असेल, किंवा ओळी लावताना आमचाच घोळ झाला असेल. खाली लिहिलं, "नक्की सांगायला पट्ट्या कमी पडल्या." इतका प्रामाणिक शेवट मी मोठ्यांच्या अहवालांत क्वचित वाचला आहे.

एक फलक 'मंजूर काय, नामंजूर काय' असा होता. बीटी वांग्याला फेब्रुवारी 2010मध्ये स्थगिती मिळाली. त्याआधीच्या जनसुनावण्यांपैकी एक नागपुरात झाली. तणनाशक-सहनशील एचटीबीटी कपाशीला मंजुरी नाही. जून 2019मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं कायदा मोडून ती जाहीरपणे पेरली. सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलेल्या या गोष्टी. कोण बरोबर, कोण चूक यावर मुलांनी एक शब्द लिहिला नव्हता.

तो फलक पाहून आयोजकांपैकी एकजण म्हणाले, "पाहुणे येणार आहेत, कशाला नसती भानगड." मी फलक काढायची तयारी दाखवली. मग उत्तर आलं, की सगळंच काढा. मुलं सापळे घेऊन दाराशी उभी होती. बसचं भाडं खर्चून तीस किलोमीटरवरून आलेली मुलं सापळे पिशवीत भरून परत गेली.

विषय वादाचा आहे, हे मान्य. म्हणूनच तो वर्गात यायला हवा. ज्या प्रश्नावर पर्यावरण मंत्री सुनावण्या घेतात, शेतकरी आंदोलन करतात, सर्वोच्च न्यायालयात जनुक बदललेल्या मोहरीवरून खटला चालतो, 4 मे 2025ला केंद्र सरकार जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर करतं, त्या प्रश्नावर नववीचा मुलगा पतंग मोजू शकत नाही, हे कोणी ठरवलं? पाच वर्षांनी हीच मुलं कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाणं घ्यायला उभी राहतील. तेव्हा त्यांना मण्यांचा डीएनए कामाला येणार नाही.

सुरक्षिततेची हरकत घेतली असती तर मी ऐकली असती. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले आहेत. फवारा झालेल्या वावरात मूल जाता कामा नये, हा नियम आम्ही घरच्यांच्या सह्या घेऊन पाळला. शाळेत जनुकं बदलण्याचे प्रयोग कोणी करू नयेत. त्यासाठी देशात 1989चे नियम आहेत आणि ते बरोबर आहेत. पण केळ्याच्या लगद्यातून मीठ, भांड्याचा साबण आणि थंडगार स्पिरिट वापरून डीएनएचे पांढरे धागे काढणं, पट्टी वाचणं, सापळा मोजणं यांत धोका कसला? याची यादी विभागानंच एकदा करून दिली, तर प्रत्येक तालुक्यात नव्यानं घाबरावं लागणार नाही.

वेळापत्रकाचाही विचार व्हावा. उन्हाळा कडक म्हणून विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे आमचं ऊन वेगळं आहे हे सरकारला पटलेलं आहे. पण प्रदर्शनाचे विषय हातात पडतात तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो आणि हंगामभर मोजायचं काम महिन्यात उरकावं लागतं. मग लोक दुकानात जाणार नाहीत तर काय करतील?

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

1. शंभरपैकी निम्मे गुण मुलांच्या मूळ नोंदवहीला द्यावेत. वही न उघडता गुण देऊ नयेत, आणि परीक्षकांनी वहीवर सही करावी.

2. 'चालतं मॉडेल' ही अट मोजणीच्या, सर्वेक्षणाच्या प्रकल्पांना लावू नये. अशा प्रकल्पांचा गट वेगळा ठेवावा.

3. विकतच्या मॉडेलची शंका आली तर परीक्षकांनी मुलाला ते तिथंच उघडायला आणि समजावायला सांगावं. जमलं नाही तर क्रमांक देऊ नये. त्या मुलाचा अपमान मात्र होऊ नये.

4. निष्कर्ष चुकीचा म्हणायचा असेल तर का चुकीचा ते दोन ओळींत लिहून द्यावं, आणि शाळेला त्यावर उत्तर देता यावं.

5. विषय नाकारायचा असेल तर लेखी, कारणासह आणि प्रदर्शनाच्या किमान पंधरा दिवस आधी नाकारावा. तोंडी निरोपानं कोणताही प्रकल्प काढू नये. यंदाचा 'बियाणं नको' हा निरोप मागे घ्यावा.

6. शेतीच्या प्रकल्पांना कृषी विज्ञान केंद्रातला एक तज्ज्ञ परीक्षक म्हणून बोलवावा, हवामानाच्या प्रकल्पांना महाविद्यालयातला भूगोलाचा प्राध्यापक. दोघेही जिल्ह्यात सापडतात.

7. उपविषय जूनमध्ये, शाळा उघडतानाच जाहीर करावेत.

पैशाची मागणी यात नाही. थर्मामीटर आमच्याकडे आहेत, खोकी फळवाला अजूनही देतो. पट्ट्या मिळाल्या तर घेऊ.

यंदा त्या मुली नववीत आहेत. त्यांनी नदीकाठची जागा बदलून दोन नव्या जागा घेतल्या आहेत, आणि एका टिनाच्या छताला चुना मारून शेजारच्या छताशी तुलना चालू आहे. दहावीतली मुलं पुन्हा सापळे मोजताहेत. दोन्ही प्रकल्पांची नोंदणी आम्ही ठरल्या तारखेला करणार आहोत, त्याच शीर्षकांनी. ते स्वीकारणार की नाही, हे त्याआधी लेखी कळवावं. गेल्या वर्षीच्या वह्या शाळेच्या कपाटात आहेत. ज्या परीक्षकांना तपासायच्या असतील त्यांनी शाळेच्या वेळेत केव्हाही यावं. दुपारी अडीचला आलात तर मुली नोंद घेत असतील, तीही पाहता येईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
पश्चिम विदर्भ